छप्पन्न अंश, अर्धा तास

रुक्मिणी धुरी फार रागीट बाई होती, असं मुलुंडच्या त्या औषध कंपनीत आजही कुणी म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे. काही घडलेलं नसताना जो चिडतो त्याला रागीट म्हणतात. रुक्मिणीच्या बाबतीत जे घडलं ते ऐकून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही, त्याने एकदा आपली नाडी तपासून घ्यावी.

मूळ कुडाळकडची. घाटकोपरच्या भटवाडीत टेकडीवर दहा बाय बाराची खोली. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्याने गेला आणि पंचाहत्तर साली ही मुलुंडच्या कंपनीत प्रयोगशाळेची भांडी धुवायला लागली. हात स्वच्छ, नजर तीक्ष्ण आणि वेळेला पक्की. वर्षाच्या आत तिथल्या म्हाताऱ्या पारशी डॉक्टरांनी तिला धुण्याच्या मोरीवरून उचललं आणि सिरमच्या खोलीत आणून बसवलं.

सिरम म्हणजे रक्त गोठलं की वर सुटतं ते पिवळसर पाणी. प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये जिवंत पेशी वाढवायच्या तर त्यांना हे सिरम खायला लागतं. त्यासाठी दर सोमवारी सकाळी माणसांचं रक्त काढायचे. कुणाचं? पॅकिंगच्या बायका, ड्रायव्हर, शिपाई, हमाल. ग्लुकोजची बिस्किटं, एक कप कॉफी आणि अर्धा तास बसायची सवलत. साहेब लोकांचं रक्त कधी निघालं नाही. तसा काही लेखी नियम नव्हता, पण दंड पुढे करायची पाळी नेमकी कुणाची, हे कंपनीत सगळ्यांना न सांगता कळत होतं.

पारशी डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं, सिरमची बाटली छप्पन्न अंशाच्या पाण्यात बरोबर अर्धा तास ठेवायची. कमी ठेवलं तर काम होत नाही, जास्त तापलं तर दह्यासारखं थिजतं. का तापवायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पाण्यात बाटलीवरची शाई पुसली जायची. इंग्रजी अक्षरं गिरवायला तिला वेळही लागायचा. म्हणून तापवलेल्या बाटलीच्या बुचावर ती कुंकवाचा ठिपका लावायची आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. ठिपका असला तर तापवलेलं, नसला तर कच्चं. म्हाताऱ्यांना ही खूण पसंत होती. त्यांनी आपल्या वहीत तशी नोंदही केली होती. मग ते निवृत्त झाले, वही कपाटात गेली आणि कपाट कुठल्यातरी गोडाऊनमध्ये.

त्र्याऐंशीत डॉक्टर नंदकिशोर टिपणीस आले. परदेशी शिकलेले, बोलायला गोड, चालायला झपाझप. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्रीज उघडून लाल ठिपक्यांची ती रांग पाहिली आणि हसले.

"हे काय, बाटल्यांची पूजा करता वाटतं रुक्मिणीबाई? बरं आहे. विज्ञानाला देवाचाही आशीर्वाद लागतो."

मागचे दोघे-तिघे मोठ्याने हसले. रुक्मिणी सांगायला तोंड उघडते तोवर साहेब पुढच्या खोलीत होते. त्या दिवसापासून तिच्या बाटल्यांना 'पूजेचं सिरम' असं नाव पडलं. त्या थट्टेच्या जागी कुणी एक प्रश्न विचारला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण कुंकू म्हटलं की पुढे विचारण्यासारखं काही असतं, असं त्या शिकलेल्या डोक्यांना वाटलंच नाही.

टिपणीसांनी आणलेली कल्पना वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. अंगात बुरशी भिनलेल्या रोग्यांना एक जहाल औषध देतात. बुरशी मरते, पण मूत्रपिंडंही होरपळतात. टिपणीसांचं म्हणणं, ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत भरायचं. फुगे इतके बारीक की माणसाच्या एका केसाच्या जाडीत सात-आठशे शेजारी शेजारी बसतील. हे फुगे रक्तातून फिरतील, औषध जिथे हवं तिथे उतरेल आणि बाकीच्या शरीराला झळ लागणार नाही. काचेच्या नळीत, सिरमच्या पाण्यात, हे फुगे गुण्यागोविंदाने राहिले. पांढऱ्या पेशींशेजारी ठेवले तर त्या पेशींनी ढुंकूनही पाहिलं नाही. टिपणीसांनी तक्ते केले, वरच्या मजल्यावर नेऊन दाखवले, टाळ्या घेतल्या.

मग शहाऐंशीच्या मे महिन्यात सशांवर प्रयोग झाला. सशांची निगा राखणारा माणूस रजेवर होता, म्हणून ससे धरायला रुक्मिणीला बोलावलं. आठ ससे होते. एकेकाच्या कानाच्या शिरेत सुई गेली आणि पाच मिनिटांच्या आत आठही ससे धापा टाकायला लागले. कान निळे पडले. तिच्या तळहाताखाली त्यांच्या बरगड्या नुसत्या थडथडत होत्या. दहा मिनिटांनी सहा ससे हळूहळू उठले, पाणी प्यायले. दोन उठलेच नाहीत.

टिपणीसांनी अहवालात लिहिलं, उन्हाळा, वर तापलेले पत्रे आणि हाताळणीचा ताण. म्हणजे रुक्मिणीने नीट धरले नाहीत. तिला ते चार दिवसांनी वसुधाकडून कळलं. वसुधा करमरकर ही टिपणीसांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी, माणुसकीने वागायची, रुक्मिणीच्या डब्यातली सोलकढी मागून प्यायची. रुक्मिणी म्हणाली, "मी गावाला लहानपणापासून ससे धरलेत बाई. माझ्या हातात ससा मरत नाय." वसुधा नुसती हसली.

पुढच्या गुरुवारी दुपारी वीज गेली. पाण्याचं भांडं थंड पडलं. सोमवारच्या रक्ताचं, अजून न तापवलेलं सिरम तसंच बाजूला ठेवून रुक्मिणी वायरमनला शोधायला गेली. परत येते तो बाटली गायब. घाईत असलेल्या एका साहाय्यकाने ती उचलून टिपणीसांच्या प्रयोगाला नेली होती.

तासाभरात टिपणीस स्वतः तिच्या दारात आले. हातात नळी होती आणि नळीतलं पाणी गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं.

"काय दिलंत हे? सगळे फुगे गोळा झाले. पेशींनी ते पोट फुटेस्तोवर गिळलेत. खराब सिरम देता, लाज नाही वाटत?"

"खराब नाय साहेब. कच्चं आहे. तापवलेलं नव्हतं. बुचावर ठिपका नाय बघा."

टिपणीसांना काही उमगलं नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वसुधाचा चेहरा मात्र उतरला.

"मावशी, ठिपका म्हणजे तापवलेलं? किती अंशाला?"

"छप्पन्न. अर्धा तास. अकरा वर्षं तेच करतंय मी."

"आणि आम्हाला दिलं ते सगळं ठिपक्याचं होतं?"

"तुमच्या खोलीत कच्चं कधी आलंच नाय."

टिपणीस नळी घेऊन तसेच वळले. वसुधा मात्र थांबली. स्टुलावर बसून तिने रुक्मिणीला समजावून सांगितलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते सांगत होतं. रक्तात शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. बाहेरचं काहीही रक्तात शिरलं की क्षणभरात ती त्याच्या अंगाला चिकटतात. मग पांढऱ्या पेशी त्या वस्तूला ओळखत नाहीत, तिच्या अंगावर काय चिकटलंय ते ओळखतात. त्या प्रथिनांमध्ये काही पहाऱ्यावरची असतात. परकं दिसलं की ती त्याला बिलगतात आणि बोंब ठोकतात. बोंब ऐकून पेशी धावतात, गिळायला लागतात. कधी ही बोंब इतकी मोठी होते की फुप्फुसातल्या शिरा आवळतात, रक्तदाब कोसळतो, माणूस धाप लागून पडतो.

"आणि छप्पन्न अंशाला?"

"छप्पन्न अंशाला अर्ध्या तासात ही पहाऱ्यावरची प्रथिनं निकामी होतात. पेशी वाढवायच्या असतील तर ते चांगलंच, म्हणून तर तुम्हाला तसं शिकवलं. पण आम्ही आमचे फुगे त्यातच तपासले, मावशी. पहारेकरी मेलेल्या घरात शिरलो आणि म्हटलं, कुणी अडवलं नाही."

रुक्मिणीने आपल्या हातांकडे पाहिलं. सशांच्या बरगड्या तिला तळहाताखाली पुन्हा जाणवल्या. आपणच हे केलं, आपल्या नेमाने, आपल्या चोख कामाने, असं वाटून तिला आधी रडू आलं. मग त्या रडण्यामागून राग आला, तो राहिलाच. तिने काही लपवलं नव्हतं. बुचावर लालभडक खूण होती. ती खूण बघून तीन वर्षं सगळे हसले होते.

शुक्रवारी वसुधा टिपणीसांकडे गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. सोमवारी माणसांवरची पहिली चाचणी ठरलेली होती. कंपनीतलेच चार तगडे गडी, इंजेक्शन अगदी कमी मात्रेचं, बाहेरचे एक डॉक्टर देखरेखीला. वरच्यांना तारीख कळवून झाली होती. टिपणीस म्हणाले होते, ससा म्हणजे माणूस नव्हे. सोमवार उरकू दे, मग कच्च्या सिरममध्ये पुन्हा सावकाश बघू. आणि जाता जाता, तुझा प्रबंध कुठवर आला, असं विचारलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?" रुक्मिणीने विचारलं.

वसुधा काहीच म्हणाली नव्हती. रुक्मिणीला टिपणीसांपेक्षाही या पोरीचा जास्त राग आला. ज्याला कळत नाही त्याला एक वेळ माफ करता येतं. जिला सगळं कळतं तिने ओठ शिवून बसायचं आणि वर डोळ्यांत पाणी आणायचं, याला काय म्हणावं?

त्या चौघांची नावं नोटीस बोर्डावर लागली होती. पहिलंच नाव चंद्रप्रकाश राऊळ.

चंद्रप्रकाश तिच्या गावचा, भटवाडीत तिच्याच खालच्या ओळीत राहणारा. एकतीस वर्षांचा. सात वर्षं कंपनीत माल चढवायचं काम करत होता, आणि सात वर्षं हंगामीच होता. दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला कायम करावं लागेल म्हणून दर वेळी दोनशे तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी त्याला घरी बसवायचे. महिनाभराने पुन्हा नवा कागद, पुन्हा पहिला दिवस. सात वर्षं राबूनही कागदावर तो कालच आलेला माणूस होता. याला इंजेक्शन घ्यायला कसं तयार केलं असेल, ते रुक्मिणीला नोटीस बोर्डासमोरच कळलं.

तरी खात्री करायला ती रविवारी सकाळी त्याच्याकडे गेली. दारातच त्याची बायको लता हातावर पेढा ठेवायला पुढे आली. सातवा महिना होता तिचा.

"मावशी, तोंड गोड कर. हेंका पर्मनंट करतत. एक तारखेपासून."

"कोणी सांगितल्यान?"

"टिपणीससायबांनी स्वतः. सुई टोचून घेतली की झाला. कंपनीची कॉर्टर पण मिळात म्हणतत."

चंद्रप्रकाश मागे आरशात बघून दाढी करत होता. तोंडाला फेस लावून तो हसला. रुक्मिणीला पेढा गिळवेना. इथे काय सांगायचं आणि कोणत्या तोंडाने? ती म्हणाली, बरा झाला, आणि टेकडी चढून घरी आली. दुपारभर तिने भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. यांच्याशी बोलून उपयोग नाही. बोलायचं ते ज्याने सुई भरली आहे त्याच्यापुढेच, असं तिने ठरवलं.

सोमवारी दहाला पहिल्या मजल्यावरच्या खोलीत चार खाटा घातल्या होत्या. चंद्रप्रकाश नवा बनियन घालून पहिल्या खाटेवर बसला होता. देखरेखीला आलेले डॉक्टर श्यामसुंदर वर्टी साठीचे, जाड भिंगांच्या चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. कंपनीची नर्स नीला ट्रे घेऊन उभी. रुक्मिणी दार लोटून आत आली, पायात चपला तशाच.

"मोठे डॉक्टर, एक सांगायचं आहे. हे औषध ज्या सिरममध्ये तपासलं ते सगळं मी तापवलेलं होतं. छप्पन्न अंशाला. कच्च्यात घातलं तर ते गोळा होतं. गुरुवारी झालं, साहेबांनी बघितलंय."

टिपणीस हसले. तेच जुनं हसू. "सर, या आमच्या रुक्मिणीबाई. बाटल्यांना कुंकू लावतात. तुम्ही मनावर घेऊ नका. बाई, बाहेर जा."

"कुंकू लावते म्हणून येडी नाय मी. कुंकू म्हणजे तापवलेलं. आधीच्या डॉक्टरांच्या वहीत लिवलंय. आठ ससे माझ्या हातात धापा टाकत होते, दोन मेले. ते सांगितलंत का यांना?"

वर्टींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "टिपणीस, सिरम तापवलेलं होतं?"

"तो एक तांत्रिक तपशील आहे, सर."

"मी विचारलं, तापवलेलं होतं का?"

टिपणीसांनी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा कोपऱ्यातून वसुधा म्हणाली, "हो सर. सगळंच." आवाज इतका बारीक की वर्टींना तिला दोनदा विचारावं लागलं.

वर्टी खुर्चीवर बसले. म्हणाले, "यात वाद घालण्यासारखं काय आहे? ताजं रक्त काढा. गोठू द्या, फिरवून सिरम काढा, न तापवता औषध घाला. तासाभराचं काम. मी थांबतो."

नीला सुई घेऊन चंद्रप्रकाशच्या खाटेकडे निघाली. त्याने सवयीने दंड पुढे केलाही. रुक्मिणी मध्ये उभी राहिली.

"त्याचं नको. साहेबांचं घ्या. अकरा वर्षं बघतंय, रक्त आमचंच निघतं. आज एकदा साहेबांचं निघू दे."

टिपणीसांचा चेहरा पडला. त्यांनी वर्टींकडे पाहिलं, वर्टी खिडकीबाहेर बघत होते. चार हमाल आणि एक नर्स त्यांच्या बाहीकडे बघत होते. शेवटी त्यांनी कफाचं बटण सोडलं. सुई टोचताना त्यांनी डोळे मिटून घेतले. हे बघून रुक्मिणीला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि ते तिने पुढे कधी नाकारलं नाही.

सव्वाअकराला वसुधाने नळी उजेडात धरली. आत टिपणीसांच्या रक्ताचं पाणी होतं, त्यात टिपणीसांचं औषध. सूक्ष्मदर्शक लावायची गरजच पडली नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळी गढुळली. वर्टींनी चाचणीच्या परवानगीचा आपला कागद फाडला, चौघांना म्हणाले, कपडे घाला आणि खाली जा.

आता कुणाला वाटेल, रुक्मिणीला शाबासकी मिळाली. तिला मिळाला मेमो. कंपनीच्या बाटल्यांवर अनधिकृत खुणा करून संशोधनाची दिशाभूल केल्याबद्दल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पंधरा दिवसांत चौकशी झाली, अकरा वर्षांची नोकरी संपली. टिपणीस दिल्लीला एका चर्चासत्रात गेले आणि सूक्ष्म औषधकणांची तपासणी कच्च्या सिरममध्येच का करावी, यावर बोलले. लोकांना ते फार उपयुक्त वाटलं. त्या भाषणात रुक्मिणीचं नाव नव्हतं, सोमवारी दंड पुढे करणाऱ्यांपैकीही कुणाचं नव्हतं. वसुधाने नंतर एक लांबलचक पत्र पाठवलं. रुक्मिणीने ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

हे सगळं तिने सोसलं. साहेबांकडून तिने दुसरी अपेक्षा ठेवलीच नव्हती. घाटकोपरलाच एका रक्ततपासणीच्या दुकानात तिला काम मिळालं, आणि तिथे पहिल्या दिवशी तिने मालकाला बसवून आपल्या सगळ्या खुणा सांगितल्या, त्याच्याकडून म्हणवूनही घेतल्या.

चंद्रप्रकाशला चाचणीनंतर आठवड्याभरात, दोनशे चौतिसाव्या दिवशी, घरी बसवलं. या वेळी महिन्याने नवा कागद आला नाही. दोन महिने झाले, तीन झाले. लताला मुलगी झाली. रुक्मिणी बाळंतविडा घेऊन गेली तर लताने तो घेतला, बस म्हणाली नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी चंद्रप्रकाश सार्वजनिक नळावर हंडा भरत होता. रुक्मिणी तिच्या कळशीसह मागे उभी राहिली. चार महिन्यांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज त्याने पाण्याच्या धारेवरची नजर न काढता विचारलं.

"मावशी, माका काय झाला असता?"

आपल्याला कुणीतरी अखेर विचारलं, असं वाटून तिने त्याला सगळं सांगितलं. सूक्ष्म फुगे, त्यांना चिकटणारी प्रथिनं, पहारेकरी, त्यांची बोंब, आवळणाऱ्या शिरा. आठ ससे, निळे पडलेले कान, ती धाप. तो नीट ऐकत होता. हंडा भरून वाहायला लागला तरी त्याने नळ बंद केला नाही.

"म्हणजे धा मिनटां धाप लागली असती."

"अरे, दोन ससे मेले चंद्या. माझ्या हातात मेले."

चंद्रप्रकाशने नळ बंद केला. हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि जाताना पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं.

"आठातले सहा उठले ना, मावशी?"